बिल्ला कोणाला मिळाला, कोणाला नाही

स्काऊटचे बिल्ले हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं काहींना वाटेल. सदऱ्याच्या बाहीवर शिवलेली कापडाची एक चकती, गळ्यात स्कार्फ, टोपीवर पितळी फूल. शाळा सुटली की आई ते कपाटात ठेवून देते आणि विषय संपतो. पण गेल्या शे-सव्वाशे वर्षांत या चकत्यांवरून संघटना फुटल्या आहेत, मुलींनी मोठ्या माणसांना पेचात पकडलं आहे, आणि एका हुकूमशाहीमुळे एक जुनी खूण काढून टाकावी लागली आहे. तेव्हा विषय दिसतो तेवढा किरकोळ नाही.

हा इतिहास साधारण दोन पद्धतींनी सांगितला जातो. एक पद्धत संग्राहकांची. कोणत्या साली कडा कशी शिवलेली होती, पाठीमागे कापड कोणतं, पितळ किती जाड, हे ती मंडळी फार कष्टानं नोंदवतात. त्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांच्याशिवाय या वस्तू टिकल्याच नसत्या. दुसरी पद्धत संघटनेच्या पुस्तिकांची. तिच्यात या पाकळीचा अर्थ हा, त्या ताऱ्याचा अर्थ तो, अशी अर्थांची यादी असते आणि ती मुलांकडून पाठ करून घेतली जाते. या दोन्ही पद्धतींवर आमचा आक्षेप एकच आहे. बिल्ला कोणाला मिळाला, एवढंच त्या सांगतात. तो कोणाला नाकारला गेला, हे सांगत नाहीत. आणि आमच्या मते बिल्ल्याचं मोल समजायचं असेल तर हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

सुरुवातीपासून पाहू. रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज लष्करी अधिकारी. 1897 ते 1899 या काळात तो हिंदुस्थानात 5व्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाचा प्रमुख होता. टेहळणीचं, म्हणजे स्काऊटिंगचं, शिक्षण पुरं केलेल्या सैनिकांना वेगळं ओळखता यावं म्हणून त्याने एक खूण वापरली. जुन्या नकाशांवर आणि होकायंत्रांवर उत्तर दिशा दाखवणारं, तीन पाकळ्यांचं कमळासारखं चिन्ह. युरोपात त्याला फ्लर-द-ली म्हणतात. अर्थ सरळ होता: या माणसाला वाट काढता येते. म्हणजे बघा, जगभर गेलेल्या स्काऊटच्या या खुणेचा एक धागा हिंदुस्थानातल्या छावणीपर्यंत येतो.

मग 1907 चा ऑगस्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं प्रायोगिक शिबीर झालं. काही मुलं महागड्या निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या जवळच्या गावांतली, सामान्य घरांतली. सगळ्यांना पितळेचं तेच फूल मिळालं. आणि गाठी मारणं, माग काढणं अशा चाचण्या पार केल्यावर फुलाखाली लावायची दुसरी पितळी पट्टी मिळाली. तिच्यावर ब्रीद होतं, ‘सज्ज राहा’.

आमच्या विवेचनासाठी हे दोन तुकडे फार महत्त्वाचे आहेत. पहिला तुकडा सांगतो, ‘मी तुमच्यातला आहे.’ दुसरा सांगतो, ‘मला हे येतं.’ एक आपलेपणाची खूण, दुसरी कमाईची. पुढच्या काळात जगात जेवढे स्काऊटचे बिल्ले निघाले ते सगळे या दोहोंपैकी कुठल्या तरी एका घरात बसतात. आणि भांडणं जी झाली, ती ही दोन घरं एकमेकांत मिसळल्यामुळे झाली.

कमाईचं घर भराभर वाढलं. 1909 पासून प्रावीण्य बॅज आले. अमेरिकेत 1911 साली अशा बॅजची संख्या 57 होती आणि 1912 मध्ये पहिला ईगल स्काऊट झाला. मुलांना हे आवडलंच असणार. बाही भरत जाते, शेजारचा मुलगा मोजत राहतो. पण यातला धोका खुद्द संस्थापकालाच दिसला. 1919 च्या ‘एड्स टू स्काऊटमास्टरशिप’ या पुस्तकात बेडन-पॉवेल शिक्षकांना बजावतो की बॅज हा गुणवत्तेच्या पातळीसाठी नसून मुलाने घेतलेल्या मेहनतीसाठी आहे. आणि बॅज कमावणं वेगळं, बॅजची शिकार करणं वेगळं. अडखळत का होईना पण प्रयत्न करणाऱ्या मुलालाही बॅज मिळावा, असं त्याचं म्हणणं होतं. विचार मोठ्या मनाचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्यात एक अडचण आहे. प्रथमोपचाराचा बॅज लावलेल्या मुलाकडे एखादा जखमी माणूस आला, तर त्या माणसाला मुलाची मेहनत नको असते, त्याला पट्टी नीट बांधलेली हवी असते. बिल्ला मुलासाठी शाबासकी असतो, पण समोरच्यासाठी ती हमी असते. ही दोन ओझी एकाच चकतीवर टाकली, आणि ती कसर आजवर भरून निघालेली नाही.

आता नाकारलेल्यांकडे वळू. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली आल्या. स्काऊटची टोपी, स्काऊटचा वेश, आणि आम्हीही स्काऊट आहोत असा दावा. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी बिल्ला दिला नव्हता. पुस्तक वाचून त्यांनी आपल्या आपण पथकं काढली होती. त्यांना घरी पाठवणं अवघड होतं आणि मुलांबरोबर घेणं त्या काळच्या समाजाला मानवणारं नव्हतं. मग 1910 मध्ये बेडन-पॉवेलची बहीण ॲग्नेस हिच्याकडे मुलींची वेगळी संघटना सोपवली गेली. नाव गर्ल गाईड, चिन्ह वचनाचे तीन भाग दाखवणारं त्रिदल. आज पुस्तिकेत त्रिदलाच्या तीन पानांचा अर्थ दिलेला असतो. पण ते चिन्ह वेगळं का करावं लागलं, हा प्रश्न पुस्तिका विचारत नाही. त्रिदल सुंदरच आहे. पण मुलींना वेगळं दार काढून दिल्याचीही ती निशाणी आहे.

आपल्याकडे तर हे दारच बंद होतं. हिंदुस्थानात स्काऊट 1909 मध्ये बंगळूरला सुरू झालं, त्यानंतरच्या दोनेक वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास इथे पथकं निघाली. आपल्या पुण्याच्या अंगणातली खडकी! पण ही पथकं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. वाड्यातल्या, वस्तीतल्या मुलाला छावणीच्या कुंपणाबाहेरून ती पितळी फुलं बघता येत होती, लावता येत नव्हती. गंमत बघा, जी खूण हिंदुस्थानातल्या छावणीत आधी वापरली गेली, ती हिंदुस्थानी मुलालाच मिळेना.

उत्तर दोन बाजूंनी आलं. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांची स्वतंत्र स्काऊट संघटना उभी केली आणि तिच्या गणवेशात पागोटं आणलं. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या प्रयत्नांतून सेवा समितीचे स्काऊट उभे राहिले. भारतीय मुलांसाठी धडपडणाऱ्यांत पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले नागपूरचे विव्हियन बोस हेही एक. आता पागोट्याकडे कुणी ‘स्थानिक रंग’ म्हणून पाहू नये. रुंद काठाची टोपी ही दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या फौजेच्या आठवणी घेऊन आलेली वस्तू. तिच्या जागी पागोटं घालणं म्हणजे, शिस्त तुमची घेऊ, पण डोकं आमचंच राहील, असं म्हणणं. 1921 मध्ये बेडन-पॉवेल इकडे आला तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. 1937 च्या सुमारास भारतीयांच्या स्वभावाविषयी त्याने काढलेले उद्गार अनेकांना झोंबले आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना उभी राहिली. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी या देशात एकाच ध्येयाची मुलं वेगवेगळे बिल्ले लावून फिरत होती.

आता उसन्या घेतलेल्या खुणांबद्दल थोडं. नेत्यांच्या प्रशिक्षणाचा वुड बॅज 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला सुरू झाला. चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी. पहिले मणी बेडन-पॉवेलने झुलू प्रदेशातल्या मोहिमेत मिळवलेल्या माळेतले, आणि ती माळ झुलू राजा दिनुझुलूची, असं तो सांगत असे. पुढे मणी संपले, नक्कल करून कोरले जाऊ लागले. आपल्याकडे याच प्रशिक्षणाला ‘हिमालय वुड बॅज’ म्हणतात आणि पचमढीचं राष्ट्रीय केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रशिक्षण उत्तम असतं, हे आम्हीही मानतो. पण एका जिंकलेल्या राजाची माळ सेवेची खूण कशी झाली, एवढा प्रश्न तरी त्या वर्गात विचारला जावा. हिमालयाचं नाव दिलं म्हणून मण्यांचा इतिहास बदलत नाही.

याच्या उलट गोष्ट स्वस्तिकाची. 1911 पासून स्काऊटच्या आभार-बिल्ल्यावर स्वस्तिक होतं. ज्याने स्काऊटांना मदत केली त्याला तो द्यायचा, आणि तो लावलेला माणूस दिसला तर त्याला मदत करणं हे प्रत्येक स्काऊटचं काम. आपल्या उंबऱ्यावर रोज काढलं जाणारं चिन्ह तिथे कृतज्ञतेचं काम करत होतं. 1930 नंतर जर्मनीत त्याचं काय झालं ते आपण जाणतो. 1934 मध्ये स्काऊट नेत्यांनीच बदल मागितला आणि 1935 मध्ये गुणवत्तेच्या पदकावरूनही ते गेलं. इथे पुस्तिकेची पद्धत उघडी पडते. चिन्हाचा अर्थ छापून ठेवला म्हणून तो टिकत नाही. जो ते चिन्ह लावून हिंडतो, तो काय करतो त्यावर अर्थ ठरतो.

म्हणूनच आम्हाला 1950 चं काम मोलाचं वाटतं. 7 नोव्हेंबर 1950 ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. 15 ऑगस्ट 1951 ला गाईडही तिच्यात आल्या. चिन्ह ठरलं ते असं: स्काऊटचं फूल, त्यावर गाईडचं त्रिदल, आणि मधोमध चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र. एखाद्याला वाटेल, सगळ्यांना खूश करण्यासाठी केलेली ही खिचडी. आम्हाला तसं वाटत नाही. 1909 मध्ये मुलींना बाजूला केलं होतं, त्यांचं पान आता फुलावरच आलं. ज्या देशाची मुलं कुंपणाबाहेर उभी होती, त्या देशाचं चक्र मध्ये आलं. नाकारण्याचा इतिहास एका चिन्हात दुरुस्त करायचा हा प्रयत्न होता. संस्थेच्या मोठ्यांच्या सर्वोच्च सन्मानावर इंग्रजी लांडग्याच्या जागी हत्ती आला, तोही याच वळणाचा.

आता आजचं बोलू. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार, ही आपली शिडी. सोपान म्हणजे पायरी. शब्द छान आहे. पण या पायऱ्या आता कुठे जातात? बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण, रेल्वेभरतीत स्काऊट-गाईड कोटा. गरीब घरच्या मुलाला यातून संधी मिळत असेल तर आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. मेहनतीचं फळ मिळालं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण ज्या दिवशी प्रमाणपत्र पुरेसं होतं आणि दोरीची गाठ विसरली तरी चालते, त्या दिवशी ब्राउनसीचा दुसरा तुकडा, कमाईचा, गळून पडतो. आणि ज्या शाळेत पथकच नाही, शिक्षकाला वेळ नाही, त्या शाळेतला मुलगा पुन्हा कुंपणाबाहेर उभा राहतो. यावेळी कुंपण छावणीचं नसतं, सोयींचं असतं. त्या काळची खडकी आणि आजची वाडी यांत फरक आहे, पण बाहेर उभं राहणं तेच आहे.

तेव्हा संग्राहक, शिक्षक आणि पालक, तिघांनाही आमची एक विनंती. हातात जुना किंवा नवा बिल्ला आला, की त्याचा अर्थ पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा लावणाऱ्याला आज काय करता येतं? आणि त्याच्या गावात हा कोणाला मिळू शकला नाही? पहिला प्रश्न मुलाला विचारा, तो आनंदाने गाठ मारून दाखवेल. दुसरा मात्र मोठ्यांनी स्वतःला विचारायचा आहे. शाळेत पथक काढायला आठवड्यातली एक दुपार, एक तयार शिक्षक आणि थोडी दोरी लागते. त्यातलं आपल्याकडे काय कमी आहे, ते एकदा मोजून पाहू या.