शाळेसाठी पक्षिपुस्तक कोणते?

पुण्यात बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात शाळेसाठी पक्षी ओळखण्याचे पुस्तक घ्यायला गेलो, की जाड पुस्तकाचा मोह होतो. रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरोल व टिम इन्स्किप यांच्या १९९८ सालच्या ग्रंथात भारतीय उपखंडातील १३०० च्या आसपास जाती आहेत. नर, मादी, विणीच्या काळातील पिसारा अशी निरनिराळी रूपे चित्रांत दिसतात. जाणकारासाठी ते उत्तमच. परंतु आठवीतल्या मुलाने वटवट्यांचे पान उघडले, की एकसारखे अनेक पक्षी पाहून तो अंदाजाने नाव सांगतो आणि निरीक्षण तेथेच थांबते.

सलीम अली यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (१९४१) या पुस्तकात जाती कमी आहेत. प्रत्येकीची सर्व रूपेही चित्रांत नाहीत. ही उणीव खरी. पण पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, राहतो कोठे, खातो काय, घरटे कसे बांधतो, हे त्यात आहे. म्हणजे काय पाहायचे, ते मुलाला कळते. म्हणून आमच्या मते शाळेने पहिली प्रत याची घ्यावी; मोठा ग्रंथ शंकानिरसनासाठी शिक्षकांपाशी असावा. मूळ पुस्तके इंग्रजी असल्याने मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जोडीला ठेवावा.

पुस्तक कोणतेही घ्या, दुकानातच एक कसोटी लावा. कोकिळेची मादी काळी नसते, ठिपकेदार तपकिरी असते. एवढ्या वर्णनावरून ती विद्यार्थ्याला स्वतः शोधता येते का, ते पाहा.