कारल्याचा वेल आणि करंज्यांचे तबक

मुलांच्या खेळांतील वस्तूंचा विचार साहित्यसमीक्षेत फारसा होत नाही. खेळ हा घटकाभराचा विरंगुळा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः खेळातील काल्पनिक सृष्टीत कोणत्या वस्तू गोळा कराव्या लागतात, त्या एकमेकींत मिसळून काय घडवले जाते आणि घडवलेले कोणाच्या हाती पडते, हे तीन प्रश्न विचारले की त्या सृष्टीची नीती उघड होते. प्रस्तुत लेखात हे प्रश्न दोन प्रकारच्या खेळांना विचारावयाचे आहेत. एक आपल्या मुलांच्या भ्रमणध्वनीवरील आणि संगणकावरील. दुसरा जळगाव-धुळ्याच्या अंगणातील.

२०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळात झाडापासून लाकूड, लाकडापासून फळ्या, फळ्यांपासून काठ्या आणि कुदळ, कुदळीने दगड, दगडी कुदळीने लोखंड आणि लोखंडी कुदळीने हिरा अशी साखळी आहे. २०१६ सालच्या ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळात आजोबांचे पडीक शेत नातवंडाच्या वाट्याला येते. गावच्या मोडक्या सभागृहात जुनिमो नावाचे इवलेसे वनदेव राहतात. ऋतूऋतूंची पिके, मासे, रानातील कंदफुले यांचे ठरावीक संच त्यांना अर्पण केले की ते सभागृहाची एकेक खोली दुरुस्त करून देतात. मुले या जगात तासन्‌तास रमतात, याचे नवल वाटू नये. कशापासून काय होते, हे शोधण्याचा आनंद मनुष्यस्वभावातच आहे.

हाच आनंद खानदेशातील मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलोजी आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. डबा हलवून आवाज ऐकावा, वास घ्यावा, तर्क करावा. दडलेली वस्तू हुडकण्याचे कुतूहल येथेही आहेच. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला आणि हादगा ही याच कुळातील भावंडे असून अनेक गाणी थोड्याफार पाठभेदाने सर्वत्र आढळतात.

त्यांतील चिकण मातीचे गाणे पाहावे. मऊ मातीत जाते रोवायचे, जात्यातून सपीठ काढायचे, सपिठाच्या करंज्या करायच्या, करंज्या तबकात ठेवायच्या, तबक शेल्याने झाकायचे, शेला पालखीत ठेवायचा आणि पालखी माहेरी धाडायची. प्रत्येक वस्तू सुरेख म्हणून वाखाणली जाते आणि लगेच पुढच्या वस्तूच्या कामी येते. रचनेच्या दृष्टीने ही माइनक्राफ्टचीच साखळी होय. फरक शेवटच्या कडीत आहे. पालखी माहेरी पोचताच गाणे वस्तूंची स्तुती थांबवते आणि दोन घरांची तुलना करते. माहेरी खायला मिळते. सासर कोंडून मारते. एवढ्या सुरेख वस्तूंची रांग कशासाठी लावली होती, ते या क्षणी कळते. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरींनी त्याच्यावर कविता रचली, ती जाते ओढणाऱ्या बाईच्या अनुभवातून. भुलाबाईच्या गाण्यातील जातेही तिच्याच हातचे आहे.

दुसरे गाणे कारल्याच्या वेलाचे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरले, तर वेल वाढू दे. वेल वाढला, तर फूल येऊ दे. मग कारले, मग भाजी, मग जेवण, मग उष्टी-खरकटी. खऱ्या शेतात बी पेरल्यापासून पहिले कारले तोडणीला यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे भुलाबाईच्या अवघ्या उत्सवाहून अधिक काळ. खेळातील अट पुरी झाली की दार उघडते. या गाण्यात अट पुरी झाली की नवी अट उभी राहते. येथे वस्तूंची यादी हे अडवणुकीचे साधन बनले आहे. माहेरी जाणाऱ्या करंज्या गोड, सासरी पिकवायचे कारले कडू, हा विरोधही अर्थपूर्ण आहे. काही पाठांत अखेर वेणीफणी होते आणि सून निघते. त्या एका ओळीचा आनंद आधीच्या साऱ्या विलंबाने मिळवलेला असतो.

तिसरे गाणे वेड्या नवऱ्याचे. बायको लाडू करते, तो चेंडू समजून खेळतो. करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. मुली हसून बेजार होतात. शेवटी बायको झोपलेली असते. ती मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो. ज्याला वस्तूची ओळख पटत नाही, त्याला माणसाचीही पटत नाही, हे भयंकर सत्य हसता हसता सांगितले जाते. लहान मुलींना हे नको म्हणून कोणी शेवटचे कडवे गाळू म्हणेल. गाळू नये. त्या कडव्यावाचून हे गाणे निव्वळ फराळाचा विनोद ठरेल.

आता तुलना करताना न्याय सोडता कामा नये. जुनिमोंच्या गोष्टीत गोळा केलेले अर्पण करण्यासाठी आहे आणि त्यातून गावाचे सभागृह पुन्हा उभे राहते, ही कल्पना सुंदर आहे. तथापि तेथे श्रम खेळणाऱ्याच्या मर्जीचे असतात. कंटाळा आला की यंत्र बंद करता येते. सुनेला ती सोय नव्हती. यादी कोणी दिली, ती नाकारण्याची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न भुलाबाईची गाणी विचारतात, आणि येथेच त्यांचे वाङ्मयीन मोल त्या खेळांहून अधिक ठरते.

म्हणून वाचकहो, मुलांच्या हातातील यंत्र हिसकावून घेण्याची घाई नको. हिरा सापडल्याचे मूल कौतुकाने सांगू लागले, तर ऐकून घ्यावे आणि तो कोणासाठी शोधलास, असे विचारावे. मग आपल्या आजीने कारल्याच्या वेलाचे गाणे म्हणावे, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. आजी माहेरी किती वेळा जाऊ शकली, हेही त्या वेळी विचारून घ्यावे.