वाद घालावा तर असा

आपल्या मंडळाची कार्यकारिणी वर्षाचे कार्यक्रम ठरवायला बसते, तेव्हा पंचांगाआधी ओहायो स्टेटच्या फुटबॉल सामन्यांचं वेळापत्रक उघडलं जातं. घरचा सामना असेल त्या शनिवारी कोलंबसमध्ये लाखभर माणसं एकाच स्टेडियमकडे निघालेली असतात. ढोल-ताशे गाडीत घालून त्या गर्दीतून हॉल गाठायचा म्हणजे मिरवणूक रस्त्यातच आटोपायची. नोव्हेंबरअखेरचा मिशिगनविरुद्धचा शनिवार तर विचारूच नका. त्या दिवशी इथे कुणी साखरपुडाही धरत नाही.

स्मरणिकेत आपण दरवर्षी इथे जपलेल्या कलांचं कौतुक करतो. लेझीम झालं, भजन झालं, एकांकिका झाल्या. एका कलेला मात्र अजून पान मिळालेलं नाही, कारण तिच्या तालमी होत नाहीत आणि तिला बक्षीसही नसतं. चारचौघांत बसून, आवाज चढवून, पण मैत्री न तोडता वाद घालण्याची कला. पुण्यातल्या कट्ट्यावर किंवा विरार लोकलमध्ये ती आपोआप अंगात भिनते. इथे तिला खाद्य लागतं, आणि ते कॉलेज फुटबॉलने भरपूर पुरवलं.

मुळात हा खेळच भांडण लावून देणारा. सव्वाशेहून जास्त मोठी विद्यापीठं, प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात डझनभर सामने. म्हणजे बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मग पहिला नंबर कुणाचा? १९३६ पासून असोसिएटेड प्रेस पत्रकारांची मतं घेऊन तो ठरवू लागली, पुढे प्रशिक्षकांचंही मतदान आलं. १९९७ साली पत्रकारांनी मिशिगनला विजेता ठरवलं आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघंही अपराजित, आणि दोघांचा सामना झालाच नाही. अलाबामा तर १९४१ चं विजेतेपदही आपल्या खात्यात धरते. त्या वर्षी ती दोन सामने हरली होती आणि पत्रकारांच्या यादीत विसावी होती! सात-बाऱ्यावर अशा नोंदी असल्यावर भाऊबंदकी होणारच.

आमची बैठक भरते सामन्याआधी, स्टेडियमपासून जरा लांबच्या पार्किंगमध्ये. शेजारचे कोळशावर सॉसेज भाजत असतात. आमच्या व्हॅनच्या डिकीत बटाटेवड्यांची परात, पावाच्या लाद्या, लसणाची कोरडी चटणी आणि थर्मासमध्ये आलं घातलेला चहा. नियम एकच, फोन खिशात. आकडा तोंडपाठ हवा, नाहीतर वडा खात गप्प बसायचं.

पहिला वाद सगळ्यात मोठी राजवट कुणाची यावर. सलामीला येतात दादरमध्ये वाढलेले आमचे एक काका. राजवट म्हणजे काय हे जगाला मुंबईने दाखवलं, असं त्यांचं ठाम मत. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ वेळा रणजी करंडक. "तुमचे ते तीन वर्षांत दोनदा जिंकणारे काय घेऊन बसलात!" यावर इथेच जन्मलेला एक कॉलेजकुमार, एरवी मराठी शाळेच्या निबंधात चार ओळींवर दम लागणारा, सणसणीत मराठीत म्हणाला, "काका, तुमचा वाडेकर १९५८-५९ ला आला आणि १९७३ नंतरही खेळतच होता. आमचा पोरगा चार हंगामांत बाहेर. चांगला असला तर तिसऱ्याच वर्षी एनएफएलमध्ये. मग?"

या 'मग'मध्येच सगळं आहे, असं मला वाटतं. एखादा अलौकिक वर्ग आला आणि दोन-तीन वर्षं जिंकून गेला, तर ती चांगली वर्षं झाली. पोरं पूर्ण बदलली तरी जिंकणं चालू राहिलं, तर ती राजवट. बड विल्किन्सनच्या ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ सलग ४७ सामने जिंकले. नोटर डेमने त्यांच्या घरच्या मैदानावर, नॉर्मनमध्ये येऊन ७-० ने ती मालिका तोडली. तो विक्रम आजही उभा आहे. निक सेबनने अलाबामात २००९ ते २०२० या काळात ६ विजेतेपदं घेतली, आणि तेवढ्यात पोरांच्या पिढ्या बदलल्याच, शिवाय खेळायची पद्धतही पार बदलली. आधी बचावावर सामने जिंकणारा हा माणूस शेवटी पासिंगवर गुणांचा पाऊस पाडत होता. मायामीची गोष्ट याहून न्यारी. १९८३, १९८७, १९८९, १९९१ आणि २००१ अशी पाच विजेतेपदं, आणि प्रशिक्षक चार. म्हणजे तिथे राजा बदलूनही राज्य टिकलं. माझं मत विचाराल तर सेबनच पहिला. पण मायामीच्या बाजूने कुणी जोरात बोललं तर मी फार ताणत नाही.

सगळं असं रंगात आलेलं असताना इतिहास शिकवणारी आमची एक ताई चहाचा कप खाली ठेवते, आणि काका सावरून बसतात. "अलाबामाच्या प्रशिक्षक बेअर ब्रायंटची १९६१, ६४ आणि ६५ ची विजेतेपदं मोजताय ना? त्या संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. घ्यायचेच नाहीत." मग १९७० चा सप्टेंबर निघतो. बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने अलाबामाला ४२-२१ असं हरवलं, आणि सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने तिथल्या बचावाच्या चिंध्या केल्या. त्या सामन्याने दक्षिण बदलली असं सांगतात. ताईला ते अतिरंजित वाटतं, कारण ब्रायंटने एका काळ्या मुलाला त्याआधीच शिष्यवृत्तीवर घेतलं होतं. १९४४-४५ चा आर्मीचा अजिंक्य संघही ती अशीच सोलते. बाकीच्या कॉलेजांची पोरं युद्धावर गेली होती, मग जिंकलात कुणाशी? काका मुंबईच्या सोवळेपणाचा दाखला द्यायला गेले, तर तिने दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांना हिंदू संघाचं कर्णधारपद का मिळालं नाही ते विचारलं. काकांनी वडा उचलला.

राजवट वेगळी आणि एका हंगामाचा थोर संघ वेगळा, हे मान्य झालं की दुसरी फेरी. इथे नेब्रास्कात शिकलेल्या एका गृहस्थांचा आवाज चढतो. १९९५ चा टॉम ऑस्बर्नचा संघ १२ पैकी १२ जिंकला, सगळ्यात अटीतटीचा सामनाही १४ गुणांनी, आणि शेवटी फ्लोरिडाला ६२-२४. समोरून २००१ ची मायामी येते, ज्या संघातले ३८ जण पुढे एनएफएलने निवडले. तरुण मंडळी २०१९ च्या लुइझियाना स्टेटवर अडून बसतात, जो बरोचे ६० टचडाउन पास त्यांना तोंडपाठ. मी नेब्रास्काच्या बाजूचा. मायामीकडे माणसं मोठी होती. नेब्रास्काकडे संघ मोठा होता. पण मारहाणीच्या गुन्ह्यात अडकलेल्या खेळाडूला ऑस्बर्नने त्याच हंगामात परत मैदानात उतरवलं, हे ताई काढते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

आणि मायामी निघाली की कोलंबसकर गप्प कसे बसतील? जानेवारी २००३, फिएस्टा बोल, दोनदा जादा वेळ, ओहायो स्टेट ३१, मायामी २४. मायामीची ३४ विजयांची मालिका तिथे संपली. पण पहिल्या जादा वेळेत पंचाने मायामीविरुद्ध उशिरा टाकलेला तो पिवळा रुमाल! तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं आज त्या रुमालावरून हमरीतुमरीवर येतात. आमच्यातले एक जावईबापू मिशिगनचे. ते फक्त हसतात, आणि त्यांचं हसणं कुणाला सहन होत नाही.

सध्याचा ताजा विषय मात्र घरचाच आहे. २०२४ च्या हंगामात आपण घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरलो, आणि बाद फेरीत १२ संघ घ्यायचं त्याच वर्षी सुरू झाल्यामुळे जानेवारीत नोटर डेमला ३४-२३ हरवून विजेतेही झालो. जुन्या मतदानात हंगामातल्या एकूण दोन पराभवांनंतर आपलं नावही कुणी घेतलं नसतं. त्यात आता खेळाडू पैसे घेऊन दरवर्षी संघ बदलू शकतात. "असा संघ थोर?" काका कडाडले. "मिशिगनकडून हरून?"

"काका, तुमच्या रणजीत तर सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मिळतो," तो कॉलेजकुमार म्हणाला. "त्या पंधरांतले असे किती?"

काका अजून आठवताहेत. मंडळात कुणाला तो आकडा तोंडपाठ असेल तर पुढच्या बैठकीला जरूर यावं. वडापाव आमच्याकडे.