बहिणीचा खुळखुळा

‘काल काय धमाल आली!’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असते सहल, नाहीतर गच्चीवरचा गोंधळ. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकडीवर, बावा गोरच्या दर्ग्यापाशी आफ्रिकी वंशाच्या सिद्दी मंडळींची धमाल रंगते, ती मात्र इबादत असते. तिलाच ते गोमा म्हणतात. मूळ शब्द स्वाहिलीतला ‘न्गोमा’. तिकडे ढोलही न्गोमा आणि नाचही न्गोमाच.

सुरुवात बसूनच. उंच, पायांवर उभा असलेला मुगरमान तळहातांखाली बोलू लागतो. मलुंगा म्हणजे एका तारेचं धनुष्य आणि त्याला बांधलेला भोपळा. आफ्रिकी गुलामांबरोबर ब्राझीलला पोचलेल्या बेरिंबावचा हा भाऊबंद. लय चढत जाते, बसलेले उठतात. माझा कान मात्र अडकतो माई मिसरापाशी. नारळाची करवंटी, आत खडे, वरून फडकं. दिसायला लहान मुलाचा खुळखुळा.

त्याचं नाव बावा गोरच्या बहिणीचं. दंतकथा सांगते, राक्षसीपुढे भावांचं काही चालेना, तेव्हा बहीण आली आणि तिनं तिला गाडलं. म्हणून ढोल कितीही गरजले तरी त्यांच्या फटीफटींतून ही खळखळ येत राहते, घरातल्या कर्त्या बाईच्या बांगड्यांसारखी. गाव सुटलं, भाषेचे चार शब्द उरले; पण भावंडांचं नातं वाद्याच्या नावात राहिलं.

गाव सुटलेल्या या आफ्रिकींवरून नाशिककराला शरणपूर रोड आठवतो. १८५४ साली विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं वसवलेल्या शरणपुरात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं वाढली. त्यांना अक्षरं मिळाली, सुतारकी-लोहारकी मिळाली, आणि नावं मिळाली साहेबाची. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत लंडनला गेला. १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीचा मानकरी झाला. केवढा मान! पण त्याच्या आईनं ठेवलेलं नाव त्या मानात कुठेच नव्हतं. पुढे शरणपूरचे बरेच आफ्रिकी मोंबासाजवळच्या फ्रेरे टाऊनला गेले. आपल्याकडे रस्त्याला नाव राहिलं.

मोरपिसं लावून रंगमंचावर होणारी सिद्दींची धमाल चपळ असते. उडवलेला नारळ डोक्यावर फुटतो, टाळ्या पडतात. पण त्या टाळ्यांत माई मिसरा बुडते. ती ऐकायची तर उरुसाला रतनपूरला जावं आणि ढोलांपासून थोडं दूर, जमिनीवर बसावं.