आधी मोजपट्टी, मग आकडा

विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प सांगण्याचा क्रम ठरून गेला आहे: प्रस्तावना, उद्दिष्टे, साहित्य, कृती, निष्कर्ष. या चौकटीत सर्व काही असते, फक्त प्रश्न नसतो. शेवटी एक आकडा येतो. पण तो मोठा मानायचा की लहान, हे ठरवायला ऐकणाऱ्याच्या हाती काहीच नसते.

याउलट मांडणी पाहायची तर कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलेली फलज्योतिषाची चाचणी पाहावी. दावा एका वाक्यात मावतो: कुंडलीवरून मूल हुशार की बौद्धिक अक्षम, हे सांगता येते. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या शंभर-शंभर कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० दिल्या. आता मोजपट्टी. डोळे मिटून उत्तरे दिली तरी सरासरी २० बरोबर येणारच. २८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र शेकडा एकाहूनही कमी. म्हणून २८ ही यशाची रेषा. मग निकाल: ५१ पैकी २७ जणांनीच उत्तरे पाठवली, सर्वाधिक गुण २४, सरासरी यश ४६ टक्के.

हाच निकाल उलट्या क्रमाने सांगून पाहा. 'एका ज्योतिष्याची ६० टक्के उत्तरे बरोबर आली!' वाक्य खरे आहे, पण श्रोता भलतेच पटवून घेऊन घरी जाईल. औषधांच्या आणि शिकवणीवर्गांच्या जाहिराती याच क्रमावर चालतात. म्हणजे मांडणी ही केवळ सजावट नव्हे. सत्य आणि दिशाभूल यांतला फरक कधी कधी निव्वळ क्रमाचा असतो.

या चाचणीवरचा २००९ चा इंग्रजी लेख वर्गात जसाच्या तसा मांडू नये. त्यात फलज्योतिषाची पार्श्वभूमी आधी येते. मुलांसमोर थेट दाव्यापासून सुरुवात करावी. शिवाय संभाव्यता न शिकलेल्या मुलाला '२८ का, २४ का नाही?' हे नुसत्या सांगण्याने पटणार नाही. त्यासाठी २७ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवायला सांगावे. सरासरीने तीन-चार जणांना २४ किंवा अधिक छाप मिळतील, तेही कुंडली न पाहता! त्यानंतरच निकाल फळ्यावर लिहावा.

पुढच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आपण विद्यार्थ्याला एवढेच विचारू या: तुझा आकडा किती आला, हे नंतर सांग. काहीच विशेष घडले नसते, तर तो किती आला असता?