डोंगराचा दोष की डोळ्यांचा?

पावसाळा सरला की सिल्वासातल्या आमच्या गच्चीवरून खानवेलकडचे डोंगर निळे दिसतात. पाहुणे म्हणतात, 'काय सुंदर!' आणि सासूबाई हमखास म्हणतात, 'दुरून डोंगर साजरे.' विषय तिथेच संपतो. ही म्हण आपण विषय संपवायलाच वापरतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हिची थोरली बहीण संस्कृत सुभाषितात आहे. तिथे दुरूनच रम्य वाटणाऱ्या गोष्टी तीन: डोंगर, गणिकेचा सजवलेला चेहरा आणि युद्धाच्या कथा. खरा डंख आहे तो युद्धकथेत. घरात बसून लढाया ऐकताना ज्यांना चेव चढतो, त्यांना तो टोला आहे. मराठीच्या तोंडी एकटा डोंगर राहिला आणि टोला बोथट झाला. शिवाय सगळा दोष डोंगराच्या माथी गेला, जणू त्यानंच आपल्याला फसवलं!

चिनी भाषेत याच्या अगदी उलट वाक्प्रचार आहे: 'लुशानचा खरा चेहरा'. म्हणजे एखाद्या गोष्टीचं खरं रूप. तो आला सू शी या कवीच्या चार ओळींच्या कवितेतून. १०८४ साली लुशान पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठाच्या भिंतीसाठी त्यानं ती लिहिली. जागा बदलली की पर्वताचं रूप बदलतं, असं सांगून तो कबुली देतो की, पर्वताच्या पोटातच उभा असल्यामुळे मला त्याचा चेहरा कळत नाही.

आमच्या जैन घरांत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मुलांना लहानपणीच सांगतात, त्यामुळे सू शी मला परका वाटला नाही. फरक एवढाच, की त्या गोष्टीत चुकणारे आंधळे असतात आणि ऐकणारे आपण डोळस. सू शी चुकणाऱ्यांत स्वतःला धरतो. म्हणून त्याचं बोलणं मला आपल्या म्हणीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

पण पुरं तेही नाही. गेल्या वर्षी आम्ही मधुबन धरणाचं पाणी बघायला दुधनीला गेलो होतो. काठावर चहा देणाऱ्या वारली बाईंना मी म्हटलं, 'किती छान डोंगरात राहता हो तुम्ही!' त्या हसल्या. म्हणाल्या, 'डोंगर तुम्हाला दिसतो, ताई. आम्हाला चढ दिसतो.'

लुशानला सू शीही पाहुणाच होता. तिकडची कविता काय, इकडची म्हण काय, बोलतो तो बघणारा. मोळी घेऊन चढणारीची म्हण मला आपल्या म्हणींच्या पुस्तकांत अजून भेटलेली नाही.

आणि दुसऱ्यांना काय बोलू? या डोंगरांवर मी स्वतः दोन लेख लिहिलेत. परवा काढून वाचले. दोन्हींत डोंगर निळे आहेत. चढ एकातही नाही.