मूकपटाची संहिता आणि संगीताचे भाष्य

फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शित ‘शिराज’ हा १९२८ सालचा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागाराने पुनरुज्जीवित केला. आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी लंडनच्या बार्बिकन सभागृहात तो अनुष्का शंकर यांनी रचलेल्या संगीताच्या प्रत्यक्ष साथीने दाखविण्यात आला. पुढे त्याच वर्षी मुंबईसह भारतातील काही शहरांतही असे प्रयोग झाले. अशा प्रसंगी मूकपटाला त्याचा हरवलेला आवाज परत मिळाला, असे सहजच म्हटले जाते. हे विधान चिकित्सेला उतरत नाही.

चित्रपटाचे पुनरुज्जीवन हे मूलतः पाठचिकित्सेचे कार्य होय. उपलब्ध सामग्री ताडून पाहणे, दोष दूर करणे आणि मूळ क्रम निश्चित करणे ही त्याची अंगे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे हीच दृष्टी होती. नीळकंठाची टीका कितीही मार्मिक असली, तरी ती संहितेचा भाग ठरत नाही. मूकपटांच्या काळी साथ चित्रगृहागणिक बदलत असे. कोठे पेटी-तबला, कोठे पियानो, तर कोठे वाद्यवृंद. तेव्हा जो एकच एक आवाज मुळात नव्हता, तो परत मिळणार कसा? २०१७ चे संगीत ही टीका आहे आणि टीका म्हणूनच तिचे मोल ठरविले पाहिजे.

या टीकेत तीन काळ एकत्र येतात. कथा ताजमहालाच्या निर्मितीची, म्हणजे सतराव्या शतकातील. चित्रण १९२८ चे. आणि वाद्यमेळ आजचा. शाहजहानच्या काळी सतार आजच्या रूपात नव्हती. म्हणून सतारीचा स्वर मोगल दरबाराचा पुरावा नव्हे. त्या दरबाराविषयीची ती आधुनिक कल्पना होय.

मूकपटात उच्चार आणि अर्थ यांची फारकत झालेली असते. पात्राचे ओठ आधी हलतात, शब्द मागाहून पडद्यावर अक्षररूपाने उमटतात. ही फट भरण्याचे काम प्रेक्षकाचे. संगीत मात्र अक्षरांसाठी थांबत नाही; त्यामुळे शब्द येण्यापूर्वीच ते अर्थ सांगून मोकळे होऊ शकते. हत्तीच्या पायाखाली जाण्याची शिक्षा झालेल्या शिराजचे भय चित्रच पुरेसे व्यक्त करते. तेथे संगीताने संयम राखणे हेच खरे भाष्य. उलट, अंध झालेल्या शिराजच्या अंतरंगात चित्राला फारसा प्रवेश नाही. तेथे स्वरांना न्याय्य अवकाश मिळतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. प्रत्यक्ष प्रयोगात वादक डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे चित्र आणि साथ यांचे वेगळेपण प्रेक्षकाच्या ध्यानात राहते. २०१८ मध्ये निघालेल्या डिस्कवर मात्र हेच संगीत चित्राशी कायमचे जखडले गेले. तिच्यावरून अभ्यास करणारा विद्यार्थी टीकेलाच संहिता समजण्याचा संभव मोठा आहे. म्हणून असा मूकपट अभ्यासताना तो एकदा तरी निःशब्द पाहावा, आणि मगच साथीने काय दिले व काय झाकले याचा निर्णय करावा.